रात्रभराच्या नाटकाचे अर्थशास्त्र

खळ्यावर बैलांच्या पायांखाली कित्येक दिवस चालणारी मळणी यंत्राने काही तासांवर आणली. पूर्व विदर्भातील झाडीपट्टीचे नाटक मात्र आजही रात्रभर चालते आणि त्याला नट व वादक जवळपास पूर्वीइतकेच लागतात. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये रंगमंचीय कलांचा अभ्यास करून असे दाखवले की, ज्या कामात यंत्र शिरते तेथे दर तासाचे उत्पादन वाढून मजुरी वाढते, आणि जेथे ते शिरत नाही तेथेही, माणसे टिकवायची म्हणून, वाढीव मजुरी द्यावीच लागते. परिणामी ते काम इतरांच्या तुलनेत महागत जाते. यवतमाळ-वर्ध्याकडील शेतकऱ्याला हे कापसावरून सहज पटेल. बोंडे एकाच वेळी फुटत नाहीत, म्हणून वेचे अनेक होतात आणि ते हातानेच करावे लागतात. नांगरणी ट्रॅक्टरने उरकते, पण वेचणीच्या मजुरीचा भार हलका होत नाही.

ही झाली उत्पादकाची बाजू. प्रेक्षकाच्या बाजूकडे तितके लक्ष जात नाही, आणि खरी गोम तेथेच आहे. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६५ मध्ये मांडले की, उपभोगाची किंमत पैशांत आणि वेळात अशी दुहेरी मोजावी लागते. रात्रभर जागल्याने दुसऱ्या दिवशीची रोजी बुडत असेल, तर ती रोजीही नाटकाच्या किमतीतच धरली पाहिजे. मजुरी वाढली की किमतीचा हा भागही वाढतो, कारण दिवस चोवीस तासांचाच राहतो. स्वीडनचे अर्थशास्त्रज्ञ स्टफान लिंडर यांनी १९७० मध्ये यातून निष्कर्ष काढला की, वेळ महागला की माणसे तेवढ्याच वेळात अधिक वस्तू वापरू लागतात. मोबाइलवरचे मिनिटभराचे व्हिडिओ याच वाटेने आले. एकदा तयार झालेला व्हिडिओ आणखी एकाला दाखवण्याचा खर्च नगण्य असतो. टंचाई असते ती पाहणाऱ्याच्या लक्षाची, आणि जाहिरातदार पैसे मोजतात ते त्यासाठीच.

मोकळा वेळ सर्वांना सारखा मिळत नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर पुरुषांचा ९७ मिनिटे वेळ जात असल्याचे आढळले.

शिवाय वेळेचा भाव वर्षभर एकच नसतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानपट्ट्यात दिवाळीनंतर कापणी आटोपत येते आणि गडचिरोली जिल्ह्यातील वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव निघतात. त्याच दिवसांत कापूसपट्ट्यात वेचणीला हात पुरत नाहीत. नाटकांचा हंगाम हातांना काम कमी असते तेव्हाच यावा, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. पाण्याची सोय होऊन जेथे जानेवारी-फेब्रुवारीतच उन्हाळी धानाची रोवणी सुरू होते, तेथे नाटकाच्या त्या रात्रीही महागणार.