व्हॅनमागच्या ट्रेलरचा ब्रेक कसा लागतो?

टोयोटाच्या सिएना या घरगुती व्हॅनला अमेरिकेत 3,500 पौंडांचा, म्हणजे जवळपास 1,590 किलोचा ट्रेलर ओढता येतो. ओढता येतो हे ठीक, पण थांबवायचा कसा? ताशी 90 किलोमीटरने धावणाऱ्या दीड टनी ट्रेलरमध्ये सुमारे 4.7 लाख ज्यूल गतिज ऊर्जा असते. त्याला स्वतःचे ब्रेक नसतील तर ती सगळी व्हॅनच्या ब्रेकनी जिरवायची. शिवाय मागून रेटा बसतो तो वेगळाच. उसाने भरलेल्या ट्रॉल्या उतारावर ट्रॅक्टरला कशा ढकलतात, हे साखर कारखान्याच्या वाटेवर राहणाऱ्यांना सांगायला नको. कॅलिफोर्नियात 1,500 पौंडांपासून पुढच्या कॅम्पिंग ट्रेलरला ब्रेक असणं कायद्यानेच सक्तीचं आहे.

हे ब्रेक बहुधा विजेचे असतात, पण चाक थांबवण्याचं काम वीज करत नाही. चाकाबरोबर फिरणाऱ्या पोकळ ड्रमच्या आत एका दांडीच्या टोकाला विद्युतचुंबक बसवलेला असतो. प्रवाह मिळाला की तो फिरत्या ड्रमच्या आतल्या बाजूला चिकटू पाहतो आणि ड्रमबरोबर फरफटतो. त्याने दांडी वळते, ब्रेक शू, म्हणजे ड्रमच्या आतल्या वक्र पट्ट्या, फाकतात आणि ड्रमवर घासतात. चुंबकाला लागतात सुमारे 3 अँपिअर. 12 व्होल्टला हे 36 वॉट झाले, हेडलाइटच्या साध्या 55 वॉटच्या बल्बपेक्षाही कमी. शू दाबणारा खरा जोर फिरत्या चाकाचाच. म्हणून उभ्या ट्रेलरला हा ब्रेक हँडब्रेकच्या जागी चालत नाही. चाकच फिरत नसेल तर दांडी ओढणार कोण? तिथे चाकाला ठोकळाच लावावा लागतो.

प्रवाह किती सोडायचा हे डॅशबोर्डखालची छोटी पेटी, म्हणजे कंट्रोलर ठरवतो. स्वस्तातला कंट्रोलर पॅडल दाबल्यावर आधी ठरवलेल्या गतीने प्रवाह वाढवत नेतो. तुम्ही हळूच थांबताय की करकचून, हे त्याला कळत नाही. दुसऱ्या प्रकारात त्वरणमापक, म्हणजे ब्रेक किती जोराने लागलाय हे ओळखणारा सेन्सर असतो, आणि प्रवाह त्या प्रमाणात सुटतो. पैसे वाचवायचेच तर ते इथे वाचवू नयेत, असं माझं मत.

पूर्वी या मापकाच्या जागी लंबक असे. ब्रेक लागला की लंबक पुढे झुकायचा. पण उतारावर गाडीचं नाक खाली असतानाही तो पुढेच झुकणार. मग पेटी फसते का? गंमत अशी की फसत नाही. ब्रेक दाबून एकाच वेगाने घाट उतरताना वेग मुळीच घटत नसतो, पण ब्रेक मात्र राबत असतात. लंबक नेमकं तेच दाखवतो: वेग किती कमी झाला हे नव्हे, तर गाडीला मागे किती जोराने धरून ठेवलंय हे. गुरुत्वाकर्षण आणि त्वरण पेटीच्या आत बसून वेगळे ओळखता येत नाहीत, या आइन्स्टाइनच्या समतुल्यता तत्त्वाचा इथे फायदाच होतो. मात्र पेटी गाडीच्या दिशेत आणि घट्ट बसवायला हवी. लोंबकळती ठेवली तर ती स्वतःचेच हेलकावे मोजत बसेल.

कंट्रोलरच्या वायरी चारच. काळी 20 अँपिअरच्या सर्किट ब्रेकरमधून बॅटरीच्या धन टोकाला, पांढरी ऋण टोकाला, निळी ट्रेलरच्या चुंबकांकडे. पांढरी वायर जवळच्या एखाद्या पत्र्याला स्क्रूने अडकवायचा मोह होतो; पण रंग आणि गंज मध्ये आले की व्होल्टेज पडतं आणि चुंबक दुबळा होतो. खरी कटकट लाल वायरची. ब्रेक पॅडल दाबल्यावरच जिच्यात 12 व्होल्ट येतात, अशी ब्रेकलाइटची वायर मल्टिमीटरने शोधायची. नव्या गाड्यांत पॅडलपासून कॉम्प्युटरकडे नाजूक सिग्नल जातात. तिथे अंदाजाने वायर सोलण्यापेक्षा त्या मॉडेलसाठी मिळणारं तयार जोडणीचं हार्नेस घ्यावं.

मग गेन, म्हणजे ट्रेलरच्या ब्रेकना जास्तीत जास्त किती जोर द्यायचा ती पातळी, लावायचा. कोरड्या, सपाट, मोकळ्या रस्त्यावर ताशी 40 किलोमीटरने जाताना कंट्रोलरची हाताची खिट्टी दाबून बघायची. ट्रेलरची चाकं लॉक होऊ लागतील त्याच्या किंचित खाली गेन ठेवायचा. लॉक झालेलं चाक आडवी पकड सोडतं आणि ट्रेलर बाजूला घसरतो. हीच खिट्टी ट्रेलर शेपटासारखा डुलायला लागल्यावर कामी येते. तेव्हा व्हॅनचा ब्रेक दाबला तर मागचा रेटा वाढून डुलणं बिघडू शकतं. फक्त ट्रेलरचा ब्रेक लावला तर जोडणीत ताण येतो आणि ट्रेलर सरळ होतो. म्हणून अमेरिकेत, जिथे चालक डावीकडे बसतो, कंट्रोलर उजव्या हाताला, न बघता सापडेल पण गुडघ्याला लागणार नाही अशा जागी बसवतात.