ब्रायोफिलम (शब्दाची फोड आणि उच्चार)

पानफुटीच्या प्रजातीला १८०५ साली सॉल्सबरी या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने दिलेले नाव. शब्द ग्रीक, शेपूट लॅटिन.

फोड : ब्रायो + फिलम. ‘ब्रुएइन’ म्हणजे फुटणे, अंकुरणे. ‘फुल्लॉन’ म्हणजे पान. मधला ‘ओ’ हा फक्त सांधा, त्याला अर्थ नाही. ‘पानफुटी’तही हेच दोन घटक आहेत, क्रम तेवढा उलटा. पानाच्या कडेच्या खाचांत कळ्या असतात. पान ओल्या मातीवर टाकले की तिथूनच मुळे आणि रोपे फुटतात. इतके नेमके देशी नाव असताना ग्रीक अर्थ घोकायची गरजच नाही.

उच्चार : ब्रा-यो-फि-लम, चार अक्षरे. आघात तिसऱ्यावर. मुळात ल जोड आहे, त्यामुळे ‘फिल्’ हे अक्षर बंद आणि जड होते, म्हणून जोर तिथे. इंग्रजी वळणात द्वित्व ऐकू येत नाही. लॅटिन वळणाने वाचणारे ‘ब्री-ओ-फिल्-लुम’ म्हणतात. प्राचीन ग्रीकमधला हा फ ‘फळ’मधल्या आपल्या फसारखा महाप्राण होता. दात ओठावर टेकवून काढायचा ‘फॅन’मधला फ नंतरचा. तेव्हा मराठी फ उच्चारणाऱ्याने संकोचू नये.

चुका कुठे होतात : सर्वात मोठी गफलत ‘ब्रायोफायटा’शी. तिथला ‘ब्रायो’ ‘ब्रुऑन’ म्हणजे मॉस या नामावरून आला आहे आणि ‘फायटा’ म्हणजे वनस्पती. दोन्ही ‘ब्रायो’ एकाच धातूचे, पण पानफुटी ही फुले येणारी, क्रॅसुलेसी कुलातली वनस्पती. मॉसशी तिचे नाते लावले की उत्तर चुकलेच. दुसरी गफलत ‘फायलम’शी. वर्गीकरणातला संघ दाखवणाऱ्या त्या शब्दात ल एकच आहे आणि तो ‘फूलॉन’, म्हणजे जमात, यावरून आला आहे.

शेवटचा ‘अम’ नपुंसकलिंगी, म्हणून जातिनाम ‘पिनॅटम’. हीच वनस्पती कलांचो प्रजातीत घातली की ते ‘पिनॅटा’ होते, कारण कलांचो स्त्रीलिंगी. ‘कलांचो पिनॅटम’ लिहिणे ही व्याकरणाची चूक.

हाच ‘फुल्लॉन’ कोकणातल्या उंडीच्या नावात दोनदा भेटतो : कॅलोफिलम इनोफिलम. ‘कालॉस’ म्हणजे सुंदर, ‘इनो’ म्हणजे तंतू. उंडीचे पान उजेडासमोर धरले तर एकमेकींना खेटून गेलेल्या बारीक समांतर शिरा दिसतात, तेच हे तंतू.