निफाडची थंडी: वाऱ्यासोबत आलेली आणि रातोरात साचलेली

निफाडचा पारा ७ अंशांवर आला की बातमी ठरलेली: थंडीची लाट. पण बागेतली थंडी आली कुठून, हे त्या आकड्यातून कळत नाही. ती उत्तरेकडून वाऱ्यावर आलेली असते, नाहीतर आपल्याच शिवारात रातोरात तयार झालेली. द्राक्षबागेत हा फरक महागात पडतो, कारण एकीवरचा उपाय दुसरीत वाया जातो.

पहिली थंडी वायुराशीची, म्हणजे दुसरीकडून सरकत आलेल्या हवेची. पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची प्रणाली) काश्मीर-हिमाचलात पाऊस-बर्फ देऊन पूर्वेला सरकला की त्याच्यामागून कोरडी गार हवा खाली उतरते. विक्षोभ येताना आपल्याकडे बऱ्याचदा आभाळ येतं, रात्री ऊबदार होतात. तो गेल्यावर एक-दोन दिवसांत वारा उत्तरेचा होतो. हवामानाच्या नकाशावर आघाडीची, म्हणजे गार आणि ऊबदार हवेच्या सीमेची, जी ठळक रेघ दिसते, ती नाशिकपर्यंत टिकत नाही. वाटेत हवा तापते, तिची कड पुसट होते. त्यामुळे इथे पाऊस न पडताही नुसता वारा फिरतो आणि दुपारचा पारासुद्धा घसरतो.

दुसरीत वारा पडलेला, आभाळ निरभ्र. जमीन दिवसाची उष्णता आकाशात सोडते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होऊन पाण्यासारखी उताराने वाहते, कादवा नदीकाठच्या खोलगट जागी साचते. एकाच बागेत ओढ्याकडच्या ओळी आधी गारठतात त्या यामुळे. दुपारी मात्र ऊन चांगलं तापतं. मण्यात पाणी उतरताना, म्हणजे तो पिकू लागताना, दिवस-रात्रीच्या तापमानातली हीच मोठी तफावत पिंक बेरीला (हिरवे मणी गुलाबी पडण्याला) निमंत्रण देते. घडांना कागद लावतात तो यासाठी.

ओळखायला दोन तापमापक पुरतात. एक गुडघ्याच्या उंचीवर, दुसरा बांबूला बांधून मांडवाच्या वर, १०-१२ फुटांवर. दोन्हींवर फळकुटाचं छप्पर हवं. उघडा तापमापक स्वतःच आकाशाला उष्णता देतो आणि खोटा आकडा दाखवतो. पहाटे ५ वाजता खालचा २-३ अंशांनी कमी असेल तर थंडी जागेवरची. दोन्ही जवळपास सारखे आणि पानं हलत असतील तर वाऱ्याची.

शेकोट्या जागेवरच्या थंडीतच कामाच्या. तिथेही बाग राखतो तो धूर नव्हे. त्याचे कण इतके बारीक असतात की जमिनीतून निघणारी उष्णता त्यांना अडवता येत नाही. राखते ती आच, आणि वरची ऊबदार हवा खाली ढवळली जाणं. म्हणून बागभर लहान लहान शेकोट्या लावाव्यात. एकच मोठा जाळ केला तर गरम हवा सरळ वर निसटते. वारा सुटलेला असेल तर लाकूड फुकट जातं.

कोरड्या वाऱ्यात पानांवर पाणी फवारणं तर टाळाच. एक ग्रॅम पाणी गोठताना साधारण ८० कॅलरी उष्णता देतं, वाफ होताना मात्र जवळपास ६०० कॅलरी ओढून घेतं. आपल्याकडे ५-६ अंशांना पाणी गोठत नाही, नुसतं उडतं, आणि पान आणखी गार होतं.

सर्वांत खालचे आकडे बऱ्याचदा दोन्ही थंड्या जुळतात तेव्हा येतात. दोन दिवस उत्तरेचा वारा वाहतो, मग संध्याकाळी पडतो. हवा कोरडी, त्यामुळे उष्णता धरून ठेवायला बाष्प नाही आणि दव पडताना सुटणारी ऊबही नाही. वारा थांबला म्हणून निर्धास्त होऊ नका. त्या दिवशी दुपारपूर्वीच ठिबक सोडून बोद (वेलींच्या ओळीचा मातीचा उंचवटा) ओला करा. ओली माती जास्त ऊन साठवते आणि रात्री हळूहळू सोडते. मात्र मणी पक्व होत आले असतील तर पाणी थोडंच द्या, नाहीतर ते तडकतात.