पेशीचे दार दाखवून देणारे विष

यीस्टची पेशी भोवतालच्या द्रवातून साखर, अमिनो आम्ले, फॉस्फेट, लोह, तांबे असे बरेच काही घेते. पण यांतले बहुतेक पदार्थ तिच्या स्निग्ध पटलातून आपसूक आत शिरू शकत नाहीत, त्यांना आत आणणारी वाहक प्रथिने पटलात असावी लागतात. कोणते प्रथिन काय आणते आणि ते कोणत्या जनुकावरून तयार होते, हे शोधण्याची मला सर्वांत देखणी वाटणारी रीत विषाची आहे.

काही शेंगवर्गीय वनस्पतींत सापडणारे कॅनाव्हनिन हे आर्जिनिन या अमिनो आम्लाशी इतके मिळतेजुळते असते, की पेशी ते आर्जिनिनच्याच वाहकातून आत घेते, आपल्या प्रथिनांत गुंफते आणि त्या सदोष प्रथिनांपायी मरते. कॅनाव्हनिन घातलेल्या, आर्जिनिन नसलेल्या आगरच्या, म्हणजे जेलीसारख्या घट्ट माध्यमाच्या, बशीवर लक्षावधी पेशी पसरल्या, तर काही दिवसांनी मोकळ्या पृष्ठभागावर पांढुरक्या, टाचणीच्या डोक्याएवढ्या मोजक्या वसाहती उमटतात. त्या मुख्यतः ‘कॅन1’ हे जनुक बिघडलेल्या पेशींच्या असतात: दारच नाही, म्हणून विष आत गेले नाही. मात्र माध्यमात नायट्रोजनचा स्रोत म्हणून अमोनियम हवे. ते नसेल, तर सगळीच अमिनो आम्ले घेणारा ‘गॅप1’ हा दुसरा वाहक कामाला लागतो आणि विषाला आडवाट मिळते.

दारे अनेक असणे ही या शोधातली खरी अडचण आहे. यीस्टचे ग्लुकोज घेणे पूर्ण थांबवायचे, तर किमान 20 वाहकांची जनुके एकाच पेशीतून काढावी लागतात, हे 1999 साली दिसून आले.

उलट दिशेनेही शोध घेता येतो. वाहक बिघडल्यामुळे उपाशी राहिलेल्या पेशींत वेगवेगळी जनुके घालायची आणि जी पेशी पुन्हा वाढेल तिच्यात कोणते जनुक आहे ते पाहायचे. तांब्याचा वाहक ‘सीटीआर1’ हा तर लोहाच्या वाहकाचा माग काढताना हाती लागला आणि 1994 साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. लोह आत घेणाऱ्या यंत्रणेतील एका प्रथिनाला तांबे लागते, त्यामुळे तांबे अडले की लोहही अडते. तांब्याविना पेशीचे श्वसनही चालत नाही, म्हणून ‘सीटीआर1’ नसलेली पेशी ज्या अन्नाचे किण्वन होत नाही अशा अन्नावर वाढत नाही. अशाच पेशींत मानवी जनुके घालून पाहिल्यावर त्यांतल्या एकाने त्यांची वाढ पुन्हा सुरू केली, आणि 1997 साली माणसाच्या तांबेवाहकाचे जनुक ओळखले गेले.