किडनीतली गाठ: डाय टाकण्याआधी आणि टाकल्यावर

सोलापूरचा मे महिना. पारा चाळिशीपार, घाम भरपूर, पाणी पोटात कमी. कंबरेत कळ आली की पहिला संशय मूतखड्याचा. अशोक चौकातल्या माझ्या मामांची सोनोग्राफी त्यासाठीच केली. खडा नव्हताच, उजव्या किडनीत तीन सेंटिमीटरची गाठ दिसली. किडनीच्या कॅन्सरच्या बऱ्याच गाठी आता अशाच, भलतंच काही शोधताना सापडतात.

गाठ पाण्याची की भरीव, हे सोनोग्राफी छान सांगते, तेही रेडिएशनशिवाय. साधी पाण्याची गाठ असेल तर घाबरायचं कारण नाही, वय वाढलं की ती अनेकांना होते. अगदी लहान भरीव गाठ मात्र तिच्या नजरेतून सुटू शकते. मामांची भरीव होती, म्हणून सीटी स्कॅन.

इथे मामी अडून बसल्या. "साधाच काढा की. डाय टाकून उगं किडनी कशाला घालवायची?" डाय म्हणजे शिरेतून देतात ते औषध, त्याने रक्तपुरवठा असलेला भाग स्कॅनमध्ये उजळतो; साधा म्हणजे डायशिवायचा सीटी. डायने किडनी जाईल ही भीती घरोघरी आहे, म्हणूनच हे लिहितोय. खडा शोधायला साधा सीटी उत्तम, पण गाठीच्या बाबतीत तो अर्धंच उत्तर देतो.

सीटीत प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो, तो भाग क्ष-किरण किती अडवतो हे सांगणारा. पाणी 0, हवा उणे 1000. सीटीसाठी 1979 चं नोबेल मिळवणाऱ्या हाउन्सफील्ड यांचंच नाव या एककाला आहे. रेडिओलॉजिस्टनी मला स्क्रीनवर दाखवलं: माउसने गाठीवर गोल काढला, आकडा 35. डाय शिरेतून गेल्यावर दीडेक मिनिटाने त्याच जागी 98. आकडा 20 किंवा त्याहून जास्त वाढला, म्हणजे गाठीला रक्तपुरवठा आहे आणि कॅन्सरचा संशय घ्यायलाच हवा. डायशिवायच्या स्कॅनमध्ये आकडा ठळक उणे आला, तर गाठीत चरबी आहे; अशी गाठ बहुधा साधी असते.

डायआधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात, त्यावरून किडनी कशी काम करते ते कळतं. मामांचं नॉर्मल होतं. किडनीचं काम फारच मंदावलं असेल किंवा डायची ॲलर्जी असेल, तर डॉक्टर एमआरआयचा विचार करतात. गाठ शिरेत शिरून पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीपर्यंत किती पोचली, हे एमआरआय फार चांगलं दाखवतो. फसव्या पाण्याच्या गाठीतही त्याचा उपयोग होतो. मात्र एमआरआयसाठी वापरतात ती डाय, गॅडोलिनियम, तीही किडनी निकामी झालेल्यांना जपूनच द्यावी लागते.

"सरळ पेट स्कॅनच करू," असं नातेवाईक सुचवतात. त्यात वापरलेली किरणोत्सारी साखर लघवीवाटे बाहेर पडते, त्यामुळे किडनी स्वतःच उजळते आणि गाठ त्यात हरवू शकते. पहिली तपासणी म्हणून तो खर्च करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

डायचा सीटीही सगळं सांगत नाही. ऑन्कोसायटोमा नावाची निरुपद्रवी गाठ त्यात हुबेहूब कॅन्सरसारखी दिसू शकते. म्हणून काही वेळा आधी बायोप्सी करतात, म्हणजे गाठीचा छोटा तुकडा काढून तपासतात. मामांच्या गाठीचं नाव ऑपरेशननंतर, पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात कळलं: क्लिअर सेल कॅन्सर, किडनीच्या कॅन्सरचा एक प्रकार. गाठीपुरताच भाग काढला. उरलेली किडनी काम करते आहे.