पृथ्वी पूर्वेला फिरते, मग टोकियोहून दिल्लीला उशीर का?

भाच्याचा टोकियोहून मेसेज आला : "मामा, येताना साडेसात तास लागले, परतीच्या तिकिटावर साडेनऊ दिसतायत. पृथ्वी पूर्वेकडे फिरते ना? मग दिल्लीच विमानाकडे सरकत यायला हवी!" जपानचं घड्याळ साडेतीन तास पुढे असतं, तो हिशेब त्याने केला होता. तरी दोन तास उरलेच.

पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि विमान त्या हवेत उडतं. धावत्या एसटीत उडी मारली म्हणून आपण मागच्या सीटवर जाऊन पडत नाही. पृथ्वी फिरण्याचा संबंध आहे, पण तो वेगळ्याच वाटेने.

विषुववृत्तावरची जमीन ताशी सुमारे 1,670 किमी वेगाने पूर्वेकडे जाते. तिथली हवा तापून वर चढते आणि उंचावरून उत्तरेकडे निघते. विषुववृत्तावर ती पृथ्वीच्या अक्षापासून 6,378 किमी दूर होती. 30 अंश अक्षांशावर हे अंतर 5,520 किमीच उरतं. फुगडी घालताना मुली एकमेकींच्या जवळ आल्या की गिरकी वाढते, तसं इथे होतं. कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा एकूण जोर, कायम राहायचा, तर अक्षाजवळ आलेल्या हवेला जास्त वेगाने फिरावं लागतं. शिवाय 30 अंशावरची जमीन मुळातच हळू, ताशी 1,450 किमीने, फिरते. गणित मांडलं तर तिथली हवा जमिनीच्या तुलनेत ताशी 480 किमीने पूर्वेकडे वाहायला हवी! हवेची उलथापालथ आणि घर्षण यांमुळे प्रत्यक्षात वेग बराच कमी भरतो. हाच जेट प्रवाह. हिवाळ्यात तो हिमालयाच्या दक्षिणेकडून वाहतो. जपानवर त्याला ध्रुवाकडचा दुसरा प्रवाह येऊन भिडतो आणि वेग ताशी 300 किमीच्याही वर जातो. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी 1920च्या दशकात जपानमधल्या तातेनो वेधशाळेतून फुगे सोडून हे वारे मोजले. अहवाल लिहिला एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत, जगाने वाचावा म्हणून. जगाने वाचला नाही!

आता हिशेब. दिल्ली-टोकियो सरळ अंतर सुमारे 5,850 किमी. विमानाचा वेग 900 आणि वारा सरासरी 150 धरू. जाताना 1,050च्या वेगाने 5 तास 34 मिनिटं, येताना 750ने 7 तास 48 मिनिटं. दोन्हींची बेरीज 13 तास 22 मिनिटं. वारा नसता तर नेमके 13 तास. म्हणजे जाताना जे कमावलं त्याहून जास्त येताना गमावलं, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं.

तिकिटावरचे तास याहूनही जास्त असतात. एक तर धावपट्टीपर्यंतची रखडपट्टी त्यात धरलेली असते. दुसरं, सरळ रेषा हिमालय-तिबेटवरून जाते आणि विमानं सहसा ती टाळतात. यावर 'कैलासाची दैवी शक्ती विमानं खेचून घेते' असे संदेश फिरतात. कारण साधं आहे. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला झटकन तीनेक किमी उंचीपर्यंत उतरावं लागतं, आणि तिबेटची जमीनच सरासरी साडेचार किमी उंच!

भाचा जानेवारीत परततोय, म्हणजे वारा ऐन जोरात असताना. जूनपर्यंत थांबला असता, तर हाच प्रवाह मंदावून तिबेटच्या उत्तरेला सरकलेला असता. साधारण त्याच सुमारास आपल्याकडे मान्सून येतो.