कोल्हापुरात एक दिवस: गाडी बुक करण्याआधी एवढं वाचून घ्या

‘आठ तासांत काय काय बघून होतं हो?’ बुकिंगच्या फोनवर पहिला प्रश्न हाच असतो. दुसरा येतो संध्याकाळी, हिशेबाच्या वेळी: ‘जादा तास कसे काय लागले?’ दोन्हींचं उत्तर सकाळच्या दोन तासांत दडलेलं आहे, म्हणून हा कागद छापला.

आमचं लोकल पॅकेज आठ तास, ऐंशी किलोमीटरचं. शहरात किलोमीटर सहसा संपत नाहीत, संपतात ते तास. आणि ते कुठे जातात हे आम्ही रोज बघतो. महालक्ष्मी एक्स्प्रेसने मंडळी साडेसातच्या सुमारास उतरतात. गाडी आठची सांगितलेली असते. लॉजचं चेक-इन बाराला, त्यामुळे विनवण्या करून एकच खोली लवकर मिळते. सात माणसं, एक बाथरूम. कुणाचा चहा, कुणाची वेणी, आजोबांची पूजा. गाडीत बसेपर्यंत साडेदहा! त्यात कुणीतरी म्हणतं, आधी मिसळ खाऊ. अंबाबाईच्या रांगेत उभं राहायला साडेअकरा होतात, आणि मंगळवार-शुक्रवार किंवा सुट्टीचा दिवस असला की बाहेर यायला दीड-दोन. मग न्यू पॅलेस धावत बघायचा आणि पावणेचारला जेवायला जायचं. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची बरीच हॉटेलं साडेतीनच्या आसपास दुपारचं बंद करतात, ती उघडतात सातला. ज्या ताटासाठी कोल्हापूर गाठलं तेच हुकतं, पोरं रडकुंडीला येतात आणि राग निघतो ड्रायव्हरवर.

ड्रायव्हर आठला दारात उभा असतो. त्या वेळेत त्याला दुसरं भाडं घेता येत नाही, म्हणून तास सांगितलेल्या वेळेपासून धरतो. काहींना हे कडक वाटतं. पण हाच नियम आम्हालाही आहे: आमची गाडी उशिरा आली तर तेवढी मिनिटं शेवटी जोडून मिळतात. जादा तासाचा दर पावतीवर आधीच लिहिलेला असतो, तो एकदा वाचा.

तेव्हा तयारीला तास लागणार असेल तर गाडी नऊची सांगा, संकोच नको. रेल्वेने येणार असाल तर आंघोळीपुरत्या दोन खोल्या स्टेशनजवळ सांगून ठेवतो. त्याचे पैसे तुम्ही थेट तिथेच द्यायचे, आमचा त्यात वाटा नाही. आणि देवी आधी, मिसळ नंतर. आदल्या रात्रीच मुक्कामाला आला असाल तर सहाला निघा. पहाटेची रांग आणि अकराची रांग यात फार फरक असतो. वयस्कर माणसांना मुखदर्शनाची रांग बरी, ती लवकर सरकते.

गाडी देवळापर्यंत जात नाही. बिंदू चौकाच्या बाजूला थांबते, तिथून भवानी मंडपातून चालत जायचं. हे आधी सांगूनही ‘आम्ही देवळाबाहेर उभे आहोत’ असा फोन येतोच. देवळाला चारी दिशांना दरवाजे आहेत. आत गेलात महाद्वारातून आणि निघालात घाटी दरवाजातून, तर अर्धा तास एकमेकांना शोधण्यात जातो. ज्या दरवाजाने आत गेलात त्याचं नाव लक्षात ठेवा, चपलाही तिथेच असतात.

न्यू पॅलेस घाईने बघायची जागा नाही. काळ्या घडीव दगडाची ही वास्तू मेजर मॅंट या इंग्रज वास्तुविशारदाच्या आराखड्यावर उभी राहिली, १८८४ मध्ये पुरी झाली. शस्त्रं, पेंढा भरलेले वाघ, दरबार हॉल यांतच पोरं रमतात. दीड तास धरा.

साडेबाराला जेवायला बसा. बाहेरगावच्या पाहुण्यांचा समज असतो की इथे सगळंच जहाल. पांढरा रस्सा तिखट नसतो. मटणाच्या अळणी पाण्यात खोबरं, काजू, खसखस, तीळ असं वाटण असतं. त्याहून सौम्य हवं असेल तर पोरांसाठी ‘अळणी’ मागा, वेटरला कळतं. मिसळीबरोबर इथे ब्रेडच्या जाड स्लाइस येतात. पाव आला नाही म्हणून हुज्जत घालू नका. जेवायला कुठे जायचं हे ड्रायव्हर सांगेल, पण विचारलंत तरच. हॉटेलातून किंवा चपलांच्या दुकानातून कमिशन घ्यायचं नाही, हे आमच्या माणसांना पहिल्या दिवशीच सांगितलेलं असतं.

लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर आठ तास दोन तुकड्यांत घ्या. सकाळी साडेपाच तास, संध्याकाळी अडीच तास. मधल्या वेळात गाडी आमची, झोप तुमची. दर तोच, फक्त बुकिंगच्या वेळी सांगायचं. ऐनवेळी गाडी दुसऱ्या भाड्यावर गेलेली असते. संध्याकाळच्या तुकड्यात चप्पल लाइन होते (कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी कातडं हाताने वाकवून बघूनच घ्या), शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग हे कुस्तीचं मैदान होतं आणि दिवस मावळताना रंकाळा तलाव. खासबागेला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह. ऑगस्ट २०२४ मध्ये ते जळालं. त्याचा विषय निघाला की आमच्या ड्रायव्हरांपैकी दोघे अजून गप्प होतात.

पन्हाळ्याचं स्पष्टच सांगतो. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या इतर अकरा किल्ल्यांबरोबर त्याचं नाव जागतिक वारशाच्या यादीत आल्यापासून ‘पन्हाळा वाटेतच आहे ना, तेवढा उरकून टाकू’ हा आग्रह वाढलाय. वीसेक किलोमीटर आहे खरा, पण तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जाकोठी, अंधारबाव बघायला अर्धा दिवस लागतो. जोतिबा धरून पूर्ण दिवस. शहराच्या पॅकेजात आम्ही तो घालत नाही. घालून देणारे आहेत, त्यांच्याकडे तीन दरवाजाचा फोटो तेवढा मिळेल. दुसऱ्या दिवसाची गाडी आमच्याकडेच घेतलीत तर सलग दोन दिवसांचा दर वेगळा लावतो.

नवरात्रात आणि किरणोत्सवाच्या दिवसांत (मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीवर पडतात तेव्हा), म्हणजे नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर, वरच्या वेळा धरून चालू नका, आधी फोन करा.

बुकिंग करताना माणसं किती, मांसाहारी किती, सोमवार-गुरुवार-शनिवार पाळणारं कुणी आहे का, आणि जिने न चढणारं कुणी आहे का, एवढं सांगा. आदल्या रात्री नऊच्या आत ड्रायव्हरचं नाव आणि गाडीचा नंबर व्हॉट्सॲपवर येतो. आला नाही तर सकाळची वाट न बघता लगेच फोन करा.